डाव्या हाताचा क्लच

मित्रांनो, मी जीप आहे. जुनी म्हणालात तर राग नाही, वय लपवायचं मला काही कारण नाही. पण कुणी मला 'शोची गाडी' म्हटलं ना, की माझं डोकं सणकतं. का सणकतं, ते सांगते. नीट बसा, आणि मधेच प्रश्न विचारू नका, माझी लिंक तुटते.

चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा जाड, आवाज मोठा आणि लाड करायला कुणी नाही. तिथून मी थेट एका सरकारी खात्यात धरणांच्या कामावर रुजू झाले. त्याच महिन्यात जानू तिथे ड्रायव्हर म्हणून लागला. तळेगावजवळच्या परंदवडीचा पोरगा, अंगानं काटकुळा, लग्न व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं बोनेट उघडून ऑइल बघितलं, चारही टायर चाचपले आणि मगच सीटवर बसला. मी मनात म्हटलं, ह्याच्याशी आपलं जमणार. पुढे खात्यानं मला लिलावात काढलं तेव्हा त्यानंच मला घरी आणलं. आज गाव त्याला जानूभाऊ म्हणतं. मी जानूच म्हणते, तेवढा माझा हक्क आहे.

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा कच्चा रस्ता तुम्ही पाहिलाय का? पावसाळ्यात तिथे बैलसुद्धा विचार करून पाऊल टाकतो. त्या रस्त्यानं मी आणि जानूनं काय काय नेलं म्हणून सांगू! सिमेंटच्या गोण्या, शाळेची बाकं, गॅसच्या टाक्या, तापानं फणफणलेली माणसं, आणि एकदा तर एक अख्खी नवरी, मुंडावळ्यांसकट. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे यायचे. चढ लागला की माझ्या दांड्या घट्ट धरून किंचाळायचे आणि वर पोचल्यावर माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण माझा खरा मान वेगळाच होता. दर वर्षी चौदा एप्रिलला परंदवडीत जयंतीची मिरवणूक निघते. बाबासाहेबांची तसबीर माझ्यावर बसवायची, निळे झेंडे लावायचे, आणि पुढे गावातल्या पोरी लेझीम खेळत चालणार. तीन तास! चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. माझ्या नाकापुढे चार हातांवर पोरी नाचत असतात, त्यांचं लक्ष ताशाकडे. अशा वेळी गाडीनं हिसका देऊन चालत नाही. छोटा गिअर टाकला तरी दर वेळी सुटताना क्लच अलगद सोडावाच लागतो. जानूच्या डाव्या पायात ती कला होती. तीस वर्षांत माझ्यावरचा हार कधी हललासुद्धा नाही. त्याची बायको चिमाबाई म्हणायची, "ह्यांचा पाय घरात आपटतो, पर गाडीत लोन्यावानी पडतो."

तो पाय साखरेनं नेला. चार वर्षांपूर्वी बोटाला जखम झाली, ती चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. दवाखान्यातून आल्यावर जानू कुबड्या टेकत माझ्याजवळ आला, बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि घरात गेला. त्यानंतर तो माझ्याकडे यायचाच बंद झाला. घरामागच्या शेवग्याखाली मी चार पावसाळे काढले. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली. खालून गंज चढत गेला. त्या चार वर्षांत मिरवणुकीला भाड्याचा टेम्पो यायचा. ताशाचा आवाज मला इथवर ऐकू यायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

आता त्या 'शोच्या गाडी'चं ऐका. गेल्या दिवाळीनंतर लोणावळ्याच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "आम्ही हिला गेटवर उभी करू. इंजिन काढून टाकायचं, बोनेटमध्ये पिटुनिया लावायच्या. लोक सेल्फी घेतील. एकदम शोची गाडी!" मेल्या, माझ्या पोटात फुलझाडं? मला जमलं असतं तर तिथेच हॉर्न वाजवून त्याचे कान बसवले असते. बॅटरीच नव्हती, काय करणार!

जानू म्हणाला, "घेऊन जा. हितं तरी काय करतीया."

"आबा, थांबा." हे बोलली तेजल, जानूची मुलगी. तळेगावच्या एका कारखान्यात डिझाइन खात्यात काम करते. दिवसभर कॉम्प्युटरवर यंत्रांचे भाग काढायचे, हा तिचा धंदा. बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की बापाचंही ऐकायची नाही. "गाडी मी चालू करते. आणि चालवणार तुम्ही."

"कशानं? कुबडीनं?"

"हातानं. क्लच हातावर घेऊ."

जानू हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. चिमाबाईनं मधे तोंड घातलं. "तुला येती की गं चालवाया. तूच चालव मिरवणुकीत."

"मला येतं गं आई. पण आबांना यायला पाहिजे. चार वर्षं झाली, हे घराबाहेर पडत नाहीत."

 जानू मॅनेजरकडे वळून म्हणाला, "चौदा एप्रिलला म्या सोता मिरवणुकीत चालवली तर गाडी ऱ्हाईल. न्हाईतर पंधराला तुमचा ट्रक आना." मॅनेजरनं तारीख मोबाइलमध्ये घातली आणि तो गेला. माझं आयुष्य असं पंधरा एप्रिलवर येऊन टेकलं.

तेजलनं सुटीचा एक दिवस वाया घालवला नाही. आधी कोंबड्या हाकलल्या. मग पत्रा घासला, ब्रेक बदलले, इंजिन उघडून साफ केलं, वायरिंग नव्यानं टाकलं. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा खोकले आणि चालू झाले. काळा धूर एवढा निघाला की चिमाबाई वाळत घातलेले कपडे घेऊन पळाली.

खरी गंमत क्लचची होती. असा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण तो एका माणसासाठी असतो. तेजलनं आधी गिअरच्या दांड्यावर सायकलच्या ब्रेकसारखा एक छोटा खटका बसवला, प्लॅस्टिकचा, ओळखीच्या पोराकडून थ्रीडी प्रिंटरवर छापून आणलेला. जानूनं दाबला मात्र, काडकन मोडला. माझा क्लच म्हणजे काय पोरखेळ आहे? मग तिनं पुठ्ठे कापून सीटशेजारी उभे केले, बापाला बसवलं, त्याचा हात कुठवर पोचतो, किती जोर लागतो, सगळं लिहून काढलं. मुठीचा आकार घ्यायला चिमाबाईकडून भाकरीच्या पिठाचा गोळा मागितला आणि बापाला म्हणाली, "आवळा."

"आता पिटलं बी हितंच करा," चिमाबाई कुरकुरली, पण गोळा चांगला घट्ट मळून दिला.

शेवटी ठरलं ते असं. सीटच्या डाव्या बाजूला एक लांब लोखंडी दांडा. डाव्या हातानं मागे ओढला की क्लच दबतो आणि दांडा खटक्यात अडकून राहतो. मग तोच हात गिअरवर न्यायचा, गिअर टाकायचा, पुन्हा दांडा धरायचा, अंगठ्यानं खटका मोकळा करायचा आणि दांडा हळूहळू पुढे सोडायचा. उजवा हात कायम स्टिअरिंगवर. मला तर बाई हे पाहूनच कौतुक वाटलं.

माझ्या पोटाखाली क्लचचा एक आडवा दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना वाट्या असतात आणि त्या वाट्यांत लोखंडी गोळ्या फिरतात. तो सगळा जोड झिजून काळ्या ग्रीसनं माखला होता. तेजलनं तो काढला, धुतला, बारीक मापं घ्यायची व्हर्नियरची पट्टी लावली आणि एकेका गोळीची दहा दहा मापं घेतली. मापं कमी-जास्त येत होती. कारखान्यात करतात तशी तिनं त्यांची सरासरी काढली, सुबक ड्रॉइंग बनवलं आणि रस्त्याकडेच्या निवृत्तीच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, करायला दिलं. निवृत्ती हाताचा पक्का. त्यानं सगळं ड्रॉइंगबरहुकूम बनवलं. "ताई, केसाचा फरक निघाला तर लेथ विकतो," म्हणाला.

मित्रांनो, चूक तिथेच झाली होती आणि ती मला पहिल्या मिनिटाला कळली. भाग बसवला आणि माझ्या पोटात जुनाच आवाज झाला. टक्. मी ओरडायचं ठरवलं तरी ओरडणार कशी?

मार्चच्या शेवटी निवृत्तीच्याच भाताच्या मोकळ्या खाचरात चाचणी ठरली. जानू चार वर्षांनी माझ्यावर चढला. कुबड्या मागे टाकल्या, आरसा नीट केला.  तेजल माझ्यासमोर चार हातांवर जाऊन उभी राहिली. "मी मिरवणूक आहे," म्हणाली. "चला, माझ्यामागे या."

त्यानं दांडा ओढला, गिअर टाकला, खटका मोकळा केला. हात इतकासा सैल पडला असेल, तेवढ्यात क्लचनं एकदम पकडलं. मी अशी उसळले की तेजल बाजूला उडी मारताना बांधावर पडली. जानूनं ब्रेक दाबला. माझं चाक तिच्या चपलेवर होतं. चपलेतला पाय तेवढा सुटला होता.

"लागलं का गं?"

"नाही आबा. कोपर खरचटलंय फक्त."

"पुढं पोरी असत्या तर?" जानूनं विचारलं. "तेजे, पुढं पोरी असत्या तर?"

तो उतरला. कुबड्यासुद्धा मागितल्या नाहीत, माझा पत्रा धरून एका पायावर उभा राहिला आणि खिशातून मोबाइल काढला. मॅनेजरला म्हणाला, "पंधरा तारीक कशाला, उद्याच आना ट्रक." मॅनेजर म्हणाला, ट्रक पंधरालाच मोकळा आहे. देवाला मी मानते की नाही ते सोडा, पण त्या दिवशी त्या ट्रकवाल्याचे मी आभार मानले.

तेजल रडली. हो, रडली, कोपराला हळद लावून घेताना ढसाढसा रडली. पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या माझ्याखाली शिरली. नट आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. ढिलाई जाईना. तो आडवा दांडा आधी थोडा कलंडायचा आणि मग फिरायचा. अर्धी ओढ त्यातच फुकट जायची आणि क्लच अगदी शेवटच्या बोटभर जागेत सुटायचा. आठ दिवस तिनं ड्रॉइंग तपासलं. "माप बरोबर आहे," ती पुटपुटायची. "मग चुकतंय कुठे?" चिमाबाई चहा ठेवून जायची, तो तसाच निवायचा. मला तिची दया येत होती आणि मला स्वतःचा संताप येत होता.

एका सकाळी जानू आपण होऊन माझ्याकडे आला. मला वाटतं, निरोप घ्यायला. सीटवर बसला आणि उगीचच दांडा ओढला. टक्. सोडला. पुन्हा ओढला. टक्. त्याचा चेहरा बदलला.

"तेजे! हिकडं ये."

तेजल दात घासत आली.

"ह्यो आवाज ऐक. ह्यो माझ्या वळखीचा हाय. पंधरा-वीस वर्सं पायाखाली येत हुता. जोड घासला तसा आवाज आला, मंग माझ्या पायानं त्यो सांभाळून घेतला. पर आता जोड नवा हाय न्हवं? नव्यात जुना आवाज कसा आला?"

तेजलनं तोंडातला ब्रश काढला. मग तिनं कपाळावर हात मारला. "आबा, मी घासलेल्या गोळीचं माप घेतलं! घासलेलं, न घासलेलं, सगळं एकत्र करून सरासरी काढली. आणि वाटीचंही तसंच!"

"मंग जितं घासलीच न्हाई तितलं माप घे की."

किती साधी गोष्ट! तिनं डब्यातून जुनी गोळी काढली. जोर एकाच बाजूनं येतो, त्यामुळे ती एका बाजूनं झिजून अंड्यासारखी झाली होती. दुसऱ्या बाजूला मात्र कारखान्यातून आली तशीच होती, चाळीस वर्षं कुणी तिला शिवलंच नव्हतं. तिनं गोळीचं सगळ्यात मोठं माप घेतलं, वाटीचं सगळ्यात लहान. निवृत्तीनं काम बाजूला ठेवून त्याच दिवशी नवा जोड बनवून दिला. "आता लेथ विकू का, ताई?" त्यानं विचारलं. तेजल चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळी हसली.

नवा जोड बसला. जानूनं दांडा ओढला. माझ्या पोटात कसलाही आवाज झाला नाही. पुन्हा तेच खाचर, पुन्हा तेजल समोर उभी. ह्या खेपेला जानू नको म्हणत होता. "आई, तू तरी सांग ह्यांना," तेजल म्हणाली. चिमाबाईनं पदर खोचला आणि लेकीशेजारी माझ्यासमोर जाऊन उभी राहिली. "चला. दोगी मिळून हाव. बघू कसं घालता अंगावर." मी निघाले तेव्हा मलाच कळलं नाही, इतकी हळू निघाले. त्या दिवशी जानूनं मला पन्नास वेळा थांबवलं आणि पन्नास वेळा सोडलं. त्याच आठवड्यात तेजलनं आरटीओकडून तपासणी करून घेतली. अधिकाऱ्यानं स्वतः शेजारी बसून चक्कर मारली, बदलाची नोंद केली आणि दोन वेळा विचारलं, "हे डिझाइन कुणाचं?" जानूनं दोन्ही वेळा मान ताठ करून सांगितलं, "माझ्या लेकीचं."

चौदा एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता मिरवणूक निघाली. तसबीर, हार, निळे झेंडे, सगळं माझ्यावर. जानूनं पांढरा शर्ट घातला होता. पुढे लेझीम, ताशा, आणि पोरींच्या आणि माझ्यामध्ये तेजल, पाठमोरी, दोन्ही हात जरा पसरून. भरवसा नव्हता असं नाही, पण तिच्याच्यानं बाजूला होववत नव्हतं.

मिरवणूक संपते त्या बुद्धविहाराच्या आधी एक चढ आहे. नेमकी तिथेच मिरवणूक थांबली. पोरींना जोर चढलेला, त्या जागेवरच फिरून फिरून लेझीम खेळत होत्या. जानूनं डॅशखालचा हँडब्रेक ओढला आणि वाट पाहिली. ताशा पुन्हा पुढे सरकला. आता सुटायचं होतं, चढावर, चार हातांवर पोरी. त्यानं डाव्या हातानं दांडा अगदी हळूहळू सोडला. क्लच अलगद पकडायला लागला. उजव्या हातानं त्यानं हँडब्रेक मोकळा केला. मी बोटभरही मागे घसरले नाही. आणि मग मी चालू लागले.

सगळ्या पोरी पुढे बघत नाचत होत्या. एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. मित्रांनो, आयुष्यात माझं पुष्कळ कौतुक झालं, पण हे त्या सगळ्यांपेक्षा मोठं. मागे गाडी आहे ह्याची त्यांना आठवणच नव्हती.

"तेजे," जानूनं हाक मारली, "आता व्हय बाजूला. मला समदं दिसू दे."

तेजल बाजूला झाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. माझ्या मडगार्डवर हात ठेवून ती विहारापर्यंत चालली. तिथे पोचल्यावर जानूनं इंजिन बंद केलं आणि मॅनेजरला स्वतः फोन लावला. "ट्रक नका धाडू. गाडी कामाला हाय. आनि ड्रायव्हर बी."

तर असं आहे. तुमच्याही घरामागे कुणी गंजत उभं असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस असेल. त्याला शोभेसाठी गेटवर उभं करायची घाई करू नका, आणि ते कुठे कुठे झिजलंय ह्याची बेरीज करत बसू नका. जी बाजू अजून शाबूत आहे ती शोधा, तिथून माप घ्या, आणि कमी पडेल तेवढा भाग नवा बनवा. कष्ट पडतील. एकदा-दोनदा बांधावर पडालही. पण करा. हे मी विनवून सांगते, आणि विनवणं माझ्या स्वभावात नाही.

आता आवरतं घेते. उद्या सकाळी राजमाचीला शाळेचं सामान पोचवायचं आहे, आणि जानूला उशीर झालेला मुळीच चालत नाही.